कुंभारीच्या घरकुलांची कुळकथा

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार वसाहत उभी आहे. वसाहत २००६ सालची; पण तिचे कूळ शोधायचे तर सोलापूरच्या कापडगिरण्यांपर्यंत मागे जावे लागते.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली आणि १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग ही गिरणी निघाली. तो काळ दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा. शेती करपलेली, त्यामुळे भोंग्यावर येणाऱ्या हातांना तोटा नव्हता. जिल्ह्यातल्या खेडुतांबरोबर निजामाच्या मुलखातले तेलुगू भाषक पद्मशाली विणकरही येत गेले. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या झाल्या आणि पहिली आपोआपच ‘जुनी मिल’ ठरली.

या जुन्या मिलने देशाच्या कायद्यातही आपली जागा केली. १९४९ मध्ये मालकांनी ती बंद केली, हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी यांचा अर्ज १९५० मध्ये फेटाळला गेला. द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात मात्र १९५३ च्या डिसेंबरात निकाल सरकारच्या विरोधात गेला. कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही निकाल आजही अभ्यासतात. त्यांतली सोलापूरची गिरणी म्हणजे हीच, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. पुढच्या काही दशकांत शहरातल्या बहुतेक गिरण्यांची धुराडी थंडावली.

गिरणी बंद झाली की पुरुषाचा पगार थांबे. चूल चालू ठेवली ती बहुतेक घरी विडीने. हे काम बायकांचे, आणि तेही घरात बसून करायचे. टेंभुर्णीची पाने भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून ती कात्रीने कापायची, तंबाखू भरून विडी वळायची, दोऱ्याने बांधायची आणि तोंड दुमडायचे. मांडीवरच्या सुपात हे सगळे चालते. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असते. तयार माल कारखान्याच्या शाखेत नेला की तपासणारा खराब विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. त्या मोजणीत धरल्या जात नाहीत.

घराचा प्रश्न कामगार-चळवळीचा प्रश्न झाला तो इथे. गिरणीकामगाराला मशीन, छप्पर, दिवा मालक पुरवीत असे; काही गिरण्यांनी चाळीही बांधल्या. विडीच्या धंद्यात कारखान्याची जागाच कामगाराने स्वतः पुरवायची. शहराच्या पूर्वभागातल्या दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत पानांची पोती, तंबाखूची धूळ, स्वयंपाक आणि तान्ही मुले एकत्र. भाडे बाईच्या मजुरीतून जाई. मालकाचा खर्च वाचतो तो हिच्या घरामुळे, हा घराच्या मागणीच्या मुळाशी असलेला हिशेब होता, आणि तो बिनतोड होता.

कायद्याने वाट थोडी मोकळी केली होती. विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६ चा; १९७६ मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्यात आला आणि त्यातून घरबांधणीला अनुदान मिळू लागले. या तरतुदीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करून घेतला तो सिटू या कामगार संघटनेने. तिचे सोलापुरातले नेते नरसय्या आडम. शहरात ते ‘आडम मास्तर’ म्हणूनच ओळखले जातात, आणि तीनदा आमदार झाले. घरकुलासाठी कामगार महिलांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. शहरात जागा परवडणारी नव्हती, म्हणून कुंभारीचे माळरान निवडले गेले. साठ हजारांच्या घरात केंद्राचे वीस, राज्याचे वीस आणि कामगार स्त्रीचे वीस हजार, अशी वाटणी होती. घर बाईच्या नावावर. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले.

वसाहतीला नाव मिळाले ते गोदावरी परुळेकरांचे (१९०७–१९९६). पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या गोदूताईंनी ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. त्यावरच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे काम विडीच्या धंद्यातले नव्हे. पण कष्टकरी बायकांच्या वसाहतीला याहून शोभणारे नाव सापडणे कठीण.

घर झाले तरी धंदा बदलत राहिला. वेष्टनावर पंच्याऐंशी टक्के जागेत धोक्याचे चित्र छापण्याचा नियम एप्रिल २०१६ पासून लागू झाला, आणि २०१७ मध्ये विडीवर अठ्ठावीस टक्के जीएसटी बसला. घरकुलाची मागणी मात्र विडीपुरती राहिली नाही. यंत्रमाग, शिलाई, कचरावेचक अशा असंघटित कामगारांसाठी कुंभारीतच तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या, सुमारे १,८११ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच हस्ते पहिली पंधरा हजार घरे कामगारांच्या ताब्यात देण्यात आली.