कोल्हापूरचे साहसपट आणि प्रेक्षकस्मृती

कसबा बावडा हे राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थान. येथील प्रेक्षकांत साहसपटाची चर्चा निघाली की 'जुने श्रेष्ठ की नवे' हा वाद अपरिहार्यच ठरतो. या वादाला कोल्हापुरात प्रदीर्घ परंपरा लाभली आहे. बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' (१९२३) या मूकपटातून तानाजीचा पराक्रम पडद्यावर आणला. 'प्रभात'च्या 'उदयकाल' (१९३०) या मूकपटाच्या मूळ नावात 'स्वराज्य' हा शब्द होता. ब्रिटिश अभ्यवेक्षणामुळे ते नाव बदलावे लागले. पुढे भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' (१९५२) आला.

'राजा शिवछत्रपती' (२००८) ही मालिका व 'पावनखिंड' (२०२२) हा चित्रपट पाहणारी पिढी तंत्राच्या निकषावर जुन्या चित्रपटांना उणे ठरवते. तथापि, जेथे 'स्वराज्य' हा शब्दच आक्षेपार्ह होता, तेथे चित्रपटनिर्मिती हेच साहस होते, हे त्या निकषात बसत नाही.

भारतीय मूकपटांच्या बहुतेक प्रती नष्ट झाल्या असून ते पाहणारी पिढीही काळाआड गेली आहे. १९५२ चा प्रेक्षक मात्र आज क्वचित का होईना भेटू शकतो. त्याचे मत केवळ स्मरणरंजन न मानता मौखिक इतिहासाचे साधन म्हणून वेळीच नोंदविणे अगत्याचे आहे.