डोंगरावरची पवनचक्की व दरींतलीं घरें

सन १९७३ मध्यें खनिज तेलाचा भाव एकाएकीं भडकला, आणि अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रासही वाऱ्याची आठवण झाली. तेथील सरकारनें ‘नासा’ या अंतराळसंस्थेकडे मोठ्या पवनचक्क्या उभारण्याचें काम सोंपविलें. त्यांपैकीं ‘मॉड-१’ नांवाची चक्की नॉर्थ कॅरोलायना राज्यांत, बून गांवालगतच्या हॉवर्ड्स नॉब या डोंगरमाथ्यावर १९७९ च्या जुलैंत सुरू झाली. तिच्या दोन पात्यांच्या चक्राचा व्यास ६१ मीटर असून शक्ति २,००० किलोवॅट होती.

परंतु थोड्याच महिन्यांत खालच्या कांहीं घरांतून गाऱ्हाणीं येऊं लागलीं. दूर कोणी मोगरी आपटीत असावें तसा ठरावीक तालाचा धपधप आवाज येई, खिडक्यांचीं तावदानें थरथरत. आणि नवल असें कीं, अंगणापेक्षां घरांतच तो अधिक जाणवे. तक्रार करणारीं कुटुंबें सुमारें बारा. तीन किलोमीटरांच्या आंत राहणारीं मात्र हजारावर. जें शेजाऱ्यास जाणवत नाहीं, तें यांनाच कसें जाणवावें?

संशोधकांनीं घरोघर मापनयंत्रें लावून या कोड्याचा उलगडा केला. चक्कीचीं पातीं मनोऱ्याच्या मागें, वाऱ्याच्या पाठीकडील बाजूस होतीं. मनोऱ्याच्या खांबांमागें वारा मंदावतो. त्या मंद पट्ट्यांतून जातांना पात्यावरील दाब क्षणांत बदले व हवेस धक्का बसे. मिनिटास ३५ फेरे आणि पातीं दोन. म्हणजे मिनिटास ७० वेळां हा प्रकार घडे. त्यांतून उठणारा ध्वनि अतिशय खर्जांतला. कानास तो थोडाच ऐकूं येई, पण भिंती व तावदानें त्यानें कंप पावत. शिवाय डोंगराची ठेवण व हवेचे थर यांमुळें तो वांकून कांहीं घरांवरच एकवटे. माथ्यावर वारा सुटला असतांही दरींत स्तब्धता असे. मग तो आवाज झांकणार कशानें?

फेरे मिनिटास २३ वर आणल्यावर आवाज पुष्कळ उतरला. पुढें १९८१ त यंत्रांत बिघाड झाला, आणि १९८३ त चक्की उतरविण्यांत आली. त्यानंतरच्या मोठ्या चक्क्यांचीं पातीं बहुधा मनोऱ्यापुढें, वाऱ्याच्या तोंडाशीं बसविलेलीं असतात. त्याचें एक मोठें कारण हा आवाजच होय.

हजारांत बारा घरें हा हिशेब तसा क्षुल्लकच. पण त्या बारांचें म्हणणें मनाचा खेळ म्हणून सोडून दिलें असतें, तर दोष माणसांच्या माथीं बसता आणि यंत्रांतला दोष यंत्रांतच राहता.