गृहमाता जेन हेनिंग

शाळेच्या इतिहासात राजे असतात, सेनापती असतात, लढायांच्या आणि तहांच्या सनावळ्या असतात. वसतिगृहातील मुलींच्या जेवणाची, अंथरुणाची, पायातल्या बुटांची काळजी वाहणाऱ्या बाईंना त्यात सहसा जागा मिळत नाही. वाचकहो, अशाच एका बाईंची हकिगत आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

जेन हेनिंग यांचा जन्म ६ जून १८९७ रोजी स्कॉटलंडमधील डनस्कोर या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबात झाला. त्या पाच वर्षांच्या असताना आई वारली. शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले. पुढे पेझली शहरात दोऱ्याच्या एका कारखान्याच्या कचेरीत त्यांनी सुमारे दहा वर्षे नोकरी केली. तथापि मुलांत राहून काम करावे ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. १९३२ साली चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशनने त्यांना हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे आपल्या शाळेच्या मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख म्हणून पाठविले. तिथे गेल्यावर त्या हंगेरियन भाषा शिकल्या.

या शाळेत सुमारे ४०० मुली होत्या. त्यांत पुष्कळशा ज्यू. हे मिशन १८४१ साली ज्यू लोकांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठीच सुरू झाले होते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही चांगल्या शिक्षणासाठी ज्यू आईबाप आपल्या मुली तिथे घालीत. मुलगी परक्यांच्या शाळेत घालावी की नाही, घातली तर तिच्या धर्माचे काय, हा प्रश्न आपल्या समाजातील पालकांनाही नवा नाही. म्हणून पुढे काय झाले ते लक्ष देऊन वाचावे.

१९३८ पासून हंगेरीत ज्यूंविरुद्ध कायदे होऊ लागले. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा हेनिंगबाई सुट्टीवर इंग्लंडमध्ये होत्या. तेथेच राहिल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. पण त्या बुडापेस्टला परतल्या. १९४० मध्ये मिशनने त्यांना मायदेशी येण्यास सांगितले. सुखाच्या दिवसांत मुलींना माझी गरज होती, मग संकटाच्या दिवसांत ती किती अधिक असेल, अशा आशयाचे उत्तर देऊन त्या तेथेच राहिल्या. युद्धकाळात अन्नाची टंचाई पडली. बाजारच्या दिवशी पहाटे पाचला उठून त्या मुलींसाठी जिन्नस शोधीत फिरत. बुटांना तळवे मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच्या चामडी बॅगा कापून तळवे करविले.

१९ मार्च १९४४ रोजी जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. एप्रिलच्या आरंभी प्रत्येक ज्यूने कपड्यावर पिवळा तारा लावावा असा हुकूम अमलात आला. त्याच महिन्यात गेस्टापो या जर्मन गुप्त पोलिसांनी बाईंना अटक केली. ज्यूंमध्ये काम करणे, लंडन रेडिओच्या बातम्या ऐकणे, ब्रिटिश युद्धकैद्यांना भेटणे असे आरोप त्यांच्यावर होते. एक आरोप असा होता की मुलींच्या छातीवरचा पिवळा तारा पाहून त्या रडल्या. विद्यार्थी मित्रांनो, विद्यार्थिनींसाठी शिक्षिकेच्या डोळ्यांत आलेले पाणी हा जिथे गुन्हा ठरतो, तिथले राज्य कसे असेल, याचा विचार करा. राजकारणाचा आरोप तेवढा त्यांनी नाकारला, बाकीचे कबूल केले.

मे १९४४ मध्ये त्यांना पोलंडमधील ऑशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आले. हातावर ७९४६७ हा क्रमांक गोंदला गेला. त्याच सुमारास अवघ्या आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू देशाबाहेर धाडले गेले. त्यांतील बहुतेकांना ऑशविट्झमध्येच मारण्यात आले. १५ जुलैच्या अखेरच्या पत्रात बाईंनी खाण्यासाठी पाव व फळे मागितली. मृत्युदाखल्यावर १७ जुलै १९४४ ही तारीख आहे. त्या वेळी त्यांचे वय ४७ होते.

१९९७ साली इस्रायलमधील याद वाशेम संस्थेने त्यांचा सन्मान केला. २०१० मध्ये बुडापेस्टने डॅन्यूब नदीच्या काठच्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिले.

पालकांनो, शाळेची परीक्षा निकालाच्या टक्क्यांवर करण्याची आपल्याला सवय आहे. टक्के हवेतच. पण आपले मूल ही शाळेजवळ ठेवलेली अमानत असते. हेनिंगबाईंचा धर्म त्या मुलींच्या घरच्या धर्माहून वेगळा होता, देश वेगळा होता, भाषाही आधी वेगळी होती. तरी संकट आले तेव्हा ‘ही माझी मुलगी’ एवढे एकच नाते त्यांनी मानले. आपल्या शाळेच्या बाकावर उद्या परक्या घरचे मूल बसेल, तेव्हा ते मूलही आपल्याकडे अमानत असेल. आपण शिक्षक आणि समाज म्हणून ती कशी सांभाळतो, यावर आपल्या शिक्षणाची किंमत ठरणार आहे.