गोळी, स्ट्रेचिंग आणि दुखरी पोटरी : एका प्रश्नाचा इतिहास

कंट्रोल ग्रुपची व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. पण तो नसला की किती घोळ होतो, हे पाठ करून कळत नाही. म्हणून आज एका गोळीची गोष्ट.

समजा, तुमच्या काकांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केलं आणि काकांनी हौसेनं त्याच आठवड्यात चालणं नि स्ट्रेचिंगही. पंधरा दिवसांत मांड्या-पोटऱ्या दुखायला लागल्या. काका म्हणतात, "गोळीचाच प्रताप हा. बंद करतो." तुम्ही काय म्हणाल? जरा थांबा, आधी इतिहास बघू.

टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी बुरशीचे सुमारे ६००० नमुने तपासले आणि १९७३ मध्ये कॉम्पॅक्टिन हे पहिलं स्टॅटिन शोधलं. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होताना लागणारं एक एन्झाइम ते अडवतं. १९७८ मध्ये ओसाकाचे डॉक्टर अकिरा यामामोतो यांनी ते आनुवंशिक आजारामुळे कोलेस्टेरॉल प्रचंड वाढलेल्या एका तरुणीला दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण तिचे स्नायू दुबळे झाले. मात्रा कमी केल्यावर उपचार पुढे नेता आले. म्हणजे स्नायूंची तक्रार या औषधाइतकीच जुनी आहे.

ती भीती पोकळही नव्हती. ऑगस्ट २००१ मध्ये बायर कंपनीने सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घेतलं. काही रुग्णांचे स्नायू विरघळल्यासारखे तुटत होते आणि त्यातून मूत्रपिंडं निकामी होत होती. मोठी मात्रा घेणाऱ्यांना आणि सोबत जेमफायब्रोझिल घेणाऱ्यांना जास्त धोका होता.

पण इथेच एक गल्लत होते बघा. स्नायू तुटणं ही दुर्मीळ, रक्त तपासून पकडता येणारी गोष्ट. काकांची पोटरी दुखणं वेगळं. वय, नवा व्यायाम, बैठं काम, कशानेही पोटरी दुखते. मग गोळीचा वाटा वेगळा कसा काढायचा?

२०१७ मध्ये ॲस्कॉट या मोठ्या चाचणीची आकडेवारी पुन्हा तपासली गेली. कोण खरी गोळी घेतंय हे कुणालाच माहीत नव्हतं, तोवर दोन्ही गटांत स्नायूंच्या तक्रारी जवळपास सारख्याच होत्या. चाचणी उघड झाल्यावर मात्र स्टॅटिन घेणाऱ्यांत त्या जास्त नोंदल्या गेल्या. औषध तेच, फक्त माहिती बदलली!

२०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा सॅमसन प्रयोग आला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० जण निवडले. प्रत्येकाला चार महिने स्टॅटिन, चार महिने बिनऔषधाची गोळी आणि चार महिने काहीच नाही. महिन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. रोजच्या त्रासाला ० ते १०० गुण द्यायचे. सरासरी आली काहीच नसताना ८, नकली गोळीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. गोळी घेतोय या जाणिवेनंच बहुतेक त्रास होत होता. याला नोसिबो म्हणतात. त्रास खोटा नव्हता, त्याचं कारण चुकीचं धरलं होतं. स्वतःचे आकडे बघितल्यावर निम्मे जण पुन्हा स्टॅटिनकडे वळले.

म्हणून गोळी अगदी निर्दोष, असं समजू नका. २०२२ मध्ये १९ चाचण्या एकत्र तपासल्यावर पहिल्या वर्षात हजारी सुमारे ११ जणांना गोळीमुळे जादा स्नायूदुखी झाल्याचं दिसलं. आणि १९९७ च्या एका अमेरिकी प्रयोगात उताराच्या ट्रेडमिलवर चालल्यानंतर लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तात स्नायूंच्या इजेची खूण असलेलं सीके जास्त वाढलं होतं. अंगाला सवय नसलेला व्यायाम आणि गोळी यांचा संबंध अगदीच हवेतला नाही.

"मग स्ट्रेचिंग वाढवतो," असं काका म्हणतील. पण व्यायामानंतरचं दुखणं स्ट्रेचिंगनं फारच थोडं कमी होतं, असं कॉक्रेनच्या आढाव्यात दिसलंय.

तेव्हा काकांना सांगा, गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. हातापायांतली ताकदच गेली किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

आणि तुमच्यासाठी गृहपाठ. काकांनी एकाच आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या. कुणामुळे पोटरी दुखली, हे ठरवायला तुम्ही प्रयोग कसा मांडाल? कागद घ्या नि लिहून बघा. संशोधनाची तयारी तिथूनच सुरू होते.