कठड्याचा रंग

बाळाच्या खोलींतून विस्तव, पाणी व सुरी दूर ठेविली कीं आईला निर्धास्त वाटतें. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें मुलें पोटशूळ व लुळेपणा यांनीं आजारी पडूं लागलीं. ही शिशाची विषबाधा आहे, हें डॉक्टर टर्नर यांनीं ओळखलें. पण शिसें येई कोठून? १९०४ सालीं नेत्रवैद्य गिब्सन यांनीं घराच्या रंगाकडे, विशेषतः व्हरांड्याच्या कठड्याकडे, बोट दाखविलें. उन्हानें रंगाचा भुगा होई. तो हातांस लागून मुलांच्या तोंडांत जाई. क्वीन्सलंडनें १९२२ सालीं मुलांच्या टप्प्यांतील अशा रंगास कायद्यानें बंदी केली. भारतांत घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा २०१७ सालीं अंमलांत आली. तेव्हां जुना रंग खरवडण्यापूर्वीं पाळणा दूर हलवावा, हेंच शहाणपण होय.