तार गप्प करणारा हात

आकाशवाणीवर एखादा कार्यक्रम दोन मिनिटं आधी संपला की निवेदक गिटारवरची चित्रपटगीताची धून लावत. ऐकणारा मनातल्या मनात शब्द भरत जाई. ती गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. तारांवरून सरकणारी गुळगुळीत पोलादी दांडी डाव्या हातात असते आणि सगळी वाहवा त्याच हाताला मिळते.

शाळकरी वयात मीही त्या डाव्या हातावर भाळूनच शिकायला गेलो. मास्तरांनी पहिल्याच दिवशी दांडी काढून पेटीत ठेवली. महिनाभर नुसता उजवा हात. अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत नख्या चढवायच्या, तार छेडायची आणि लगेच गप्प करायची. छेडणं चार दिवसांत जमलं. गप्प करणं काही केल्या जमेना.

त्याचं कारण वाद्यातच आहे. साध्या गिटारीवर डाव्या हाताचं बोट सैल केलं की सूर थांबतो. इथे सगळ्या तारांवर एकच दांडी टेकलेली. एक तार छेडून तुम्ही दुसरीकडे वळलात तरी पहिली वाजतच राहते. दांडी सरकली की तिचा सूरही सरकतो आणि नको तिथे लुडबुडतो. म्हणून पुढची तार छेडण्याच्या क्षणभर आधी उजव्या तळहाताची करंगळीकडची कड तारांवर अलगद टेकवायची. लवकर टेकली तर सूर तुटतो, उशिरा टेकली तर नुसता चिखल. मी पुढे कवितेत पडलो, तेव्हा यतिभंग म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ते तळहाताला आधीच ठाऊक होतं.

या वाद्याचं श्रेय बहुधा जोसेफ केकुकूला देतात. १८७४ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर लाइए गावात तो जन्मला. १८८९ च्या सुमाराला, विद्यार्थी असताना, रेल्वेरुळाजवळ सापडलेला लोखंडी बोल्ट त्याने गिटारीच्या तारांवर फिरवला अशी कथा आहे. कथेत तिखटमीठ असेल, पण मुलाने तो नाद सोडला नाही हे खरं. १९०४ मध्ये तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हवाईचं संगीत लाखो लोकांनी ऐकलं आणि अमेरिकेला त्याचं वेड लागलं. पुढे तर टपालाने धडे येऊ लागले. कागदावर तारांच्या रेघा आणि दांडी कुठे टेकवायची त्याचे आकडे. डावा हात असा कागदावर उतरला. तळहात नेमका कधी टेकवायचा ते मात्र समोर बसूनच कळणार!

समोर बसवणारा नसला की काय होतं, ते खुद्द हवाईत दिसलं. जेरी बर्ड हा ओहायोचा माणूस, जन्म १९२०. लहानपणी हवाईयन वादकांना ऐकून तो या वाद्याच्या मागे लागला आणि पुढे नॅशव्हिलमध्ये नावाजला. १९५० च्या दशकात पायाने तारांचा ताण बदलणारी पेडल स्टील गिटार आली, बाकीचे तिकडे वळले. हा वळला नाही. १९७२ मध्ये तो होनोलुलूला जाऊन राहिला. तेव्हा तिथल्या तरुणांपैकी फारच थोडे स्टील गिटार वाजवत. मग ओहायोच्या माणसाने हवाईच्या पोरांना त्यांचंच वाद्य शिकवलं. २००५ मध्ये तो वारला.

आपल्याकडे ही गिटार प्रामुख्याने कोलकात्यात रुजली. लाइएतच वाढलेला टाउ मो कुटुंबासह १९४० च्या दशकात तिथे राहिला होता. कवी काझी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्धही हीच गिटार वाजवत. वडिलांची वाचा १९४२ मध्ये गेली होती, हे आठवलं की त्या वादनाचा विचार मला निराळ्या तऱ्हेने करावासा वाटतो.

रागसंगीताचं वळण तिला दिलं ते जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी. ते सरोदवादक अली अकबर खाँ यांचे शिष्य. मींड तर दांडीने आयतीच मिळत होती. खरा पेच उजव्या हाताचा होता. सरोदिया एकाच जव्याने 'दा' आणि 'रा' हे दोन्ही बोल काढतो. इथे तेच काम अंगठा आणि बोटांत वाटून द्यायचं, वर झाल्यात चिकारीही सांभाळायची. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला काब्रांची गिटार आहे. त्यात मींड तर ऐकाच, पण ती संपते तिथेही कान ठेवा. मागे राहिलेली तार लुडबुडत नाही.

महिन्याने मास्तरांनी माझी दांडी परत दिली. मी हौसेने पहिली मींड काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या उजव्या हाताकडेच बघत होते. दोन वर्षांत माझं शिकणं सुटलं. मास्तर गेल्यावर त्यांची दांडी घरच्यांनी मला दिली, ती अजून टेबलावर आहे. नख्या कुणाकडे गेल्या, ते विचारायचं राहून गेलं.