सोंगाड्याची मुभा : नारायणगावचे फड आणि जातीचे हास्य

तमाशातील विनोदाची चर्चा प्रायः ग्राम्यता आणि अश्लीलता या दोन अंगांनीच होत आली. तो विनोद कोण करतो, कोणासमोर आणि कोणाच्या पैशाने, हे प्रश्न त्यामुळे मागे पडले. जुन्नर-आंबेगाव परिसरात ते टाळता येत नाहीत. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. जत्रांच्या सुपाऱ्या देण्यासाठी गावोगावचे कारभारी येथील राहुट्यांत येतात. या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेणाऱ्या फडाच्या नावातच जात होती : भाऊ-बापू मांग नारायणगावकर. भाऊंच्या कन्या विठाबाई यांनीही ते नाव तसेच मिरवले.

जातीची तुलना अमेरिकेतील गुलामगिरीशी जोतीराव फुले यांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेत सुचवली होती. हास्याच्या बाबतीत मात्र ती उलटी पडते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी मिन्स्ट्रेल खेळांत गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करीत. हीन ठरवलेल्याचा चेहरा तेथे उसना घेतला जाई. तमाशात चेहरा नटाचा स्वतःचाच असतो, उसनी असते ती राजाची झूल. बतावणीत सोंगाड्या पाटील-सावकाराची फजिती करतो, गौळणीत मावशी साक्षात कृष्णाला उलट उत्तर देते. बाख्तीनच्या उत्सवी हास्याची आठवण येथे सहज होते. पण ती पुरेशी नाही. पुढच्या रांगेतला पाटील हसतो, कारण बोलणारा महार किंवा मांग आहे आणि उद्या सकाळी तो गावाबाहेर जाणार आहे. सोंगाड्याची मुभा त्याच्या हीनत्वातूनच येते.

‘गाढवाचं लग्न’ हा वग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मावळातील इंदुरीच्या दादू इंदुरीकरांनी त्यातला सावळा कुंभार अजरामर केला. आपल्या गाढवासाठी राजकन्येला मागणी घालणारा हा कुंभार रोटी-बेटीच्या व्यवस्थेचीच थट्टा मांडतो, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. अखेरीस गाढव शापित गंधर्व निघतो. म्हणजे लग्न शेवटी वरच्या पायरीवरच लागते! वगाचे धाडस येथे संपते, आणि हे धाडस नेमके येथेच संपावे, अशी त्याच्या प्रेक्षकांची अपेक्षा असते.

सत्यशोधकांनी ही मुभा नाकारली. जुन्नर तालुक्यातील ओतूर हे त्यांचे एक जुने ठाणे. ब्राह्मण पुरोहिताविना लावलेल्या लग्नांवरून तेथे १८८० च्या दशकात कोर्टकज्जे झाले. सत्यशोधकी जलशाने तमाशाचाच साचा घेतला, परंतु त्यातील भटजी हे निव्वळ हसण्याचे पात्र उरले नाही. त्याला जाब द्यावा लागला. कुणबी आणि महार यांच्यातील अंतराविषयी मात्र हे जलसे तितके तिखट नव्हते. ते काम १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी हाती घेतले. त्यांनी शृंगारिक लावणी वर्ज्य केली. काही समीक्षकांना त्यात रसहानी दिसते. परंतु ज्यांच्या घरच्या बायका त्या बोर्डावर नाचत होत्या, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न रसाचा नव्हताच.

विठाबाई २००२ मध्ये निवर्तल्या. राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. त्या पुरस्काराच्या नावात ‘विठाबाई’ आहे, ‘नारायणगावकर’ आहे, मधले ‘भाऊ मांग’ नाही.